येनाला बांधलेले सव्वीस धागे

सुखदेवभाऊ, तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी तुमच्यावर तुमच्याच घरात एक आरोप झाला. तो मी खोडून काढला आहे. हे आधी सांगतो, कारण तुम्हीही आधी तेच विचारलं असतं.

आरोप तुमच्या शीलाने केला. बुद्धवंदना आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला होता, लोक जेवून गेले होते, माझी सुनंदा आणि वहिनी भांडी आवरत होत्या. शीला बकऱ्या बघायला मागे येनाच्या झाडांच्या रांगांकडे गेली होती. परत आली ती तोंड बारीक करून. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामाजी, बाबानं नवस बोलला होता का जी?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबाने? सुखदेवभाऊंनी?"

"मंग झाडाले धागे कोणं बांधले? मी पाहून आली न. आमाले आयुष्यभर सांगतलं, धागादोरा करायचा नाही. माह्या सासूनं मनगटाले दोरा बांधला तं घरी आल्याबरोबर विळ्यानं कापला त्याईनं. आन् स्वतः मागं जाऊन झाडाले बांधून राहिले होते?"

मी विचारलं, "किती आहेत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमाले किती कायले पाहिजे, मामाजी? आहेत."

भाऊ, तुम्ही असता तर हसला असता. मी मात्र खरंच मोजायला गेलो.

सव्वीस होते. पिवळट, बोटभर लांब, कोशाच्या रेशीमधाग्याचे तुकडे. बुंध्याला एकही नाही. सगळे डोक्याच्या उंचीपर्यंतच्या बारीक डहाळ्यांना, एका पानाच्या देठामागे एक असे. नवस बोलणारा माणूस एका पानामागे एक धागा बांधत नाही. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. मी धागे मोजले, आणि प्रत्येक धाग्याला किती गाठी आहेत तेही मोजलं, कारण मोजायला दुसरं काही नव्हतं. नऊ धाग्यांना एक गाठ. चौदांना दोन किंवा तीन. उरलेल्या तीन धाग्यांच्या पुढे पानच नव्हतं, ते गळून गेलं होतं.

मग मी एक गाठ असलेलं पान उन्हासमोर धरलं, तुम्ही धरायचा तसं, अंगठा पानाच्या पाठीवर ठेवून. पानात पांढरी नागमोडी रेघ होती. दुसरं पान धरलं, त्यातही रेघ. नऊच्या नऊ पानांत फक्त रेघ. दोन गाठींच्या पानांत रेघेच्या टोकाला फोड. तीन गाठींच्या पानांत फोड आणि फोडाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आतला जीव उडून गेलेला.

मी तिथेच बांधावर बसलो, भाऊ. आपलं दोन वर्षांचं भांडण त्या डहाळ्यांवर लटकत होतं आणि त्याचा निकाल तुम्ही लावून गेला होता.

ज्यांना आपलं भांडण ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते मला लिहायला हवं. तुम्हाला त्याचा कंटाळा येईल. ऐका.

तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या अंगणात बसलो होतो आणि शेळीच्या तोंडून पडलेलं येनाचं पान माझ्या हातात आलं. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. त्यावर कोणी चुन्याच्या काडीने रेघ मारावी तशी रेघ होती. मी नखाने खरवडली, निघेना. तुम्ही म्हणाला, "ते वरून नाही जी. तो आतून लिहून राहिला." मी विचारलं, कोण? तुम्ही पान उन्हात धरून दाखवलंत. पानाचा वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्यामध्ये एक चपटी अळी होती, तांदळाच्या कणीहून लहान. ती पानाच्या आतच खात खात पुढे जात होती आणि मागे रेघ सोडत होती.

सरकारी कोसा केंद्रात, जिथे येनावर रेशमाच्या अळ्या वाढवतात, तुम्ही बावीस वर्षं रोजंदारीवर काढली. येनावर सोडलेल्या कोशाच्या अळ्या पक्ष्यांनी खाऊ नयेत म्हणून गुलेल घेऊन दिवसभर झाडाखाली उभं राहायचं, ते तुमचं काम. वर बघत बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस पानाबद्दल जे जाणतो ते मला ठाऊक नव्हतं. मी पाटबंधाऱ्याच्या तलावावर पाणीपातळी आणि पाऊस लिहिणारा माणूस. रोज सकाळी आठ वाजता पट्टी वाचायची, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना कोरा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं. कोरा रकाना म्हणजे माणूस गेलाच नव्हता. निरंक म्हणजे गेला होता, बघितलं, नव्हतं. हा फरक मी तुम्हाला इतक्या वेळा सांगितला की तुम्ही माझं नाव निरंक जवाई ठेवलंत. लग्नाकार्यात चार लोकांत तुम्ही हाक मारायचा, "ओ निरंक जवाई, भाजी वाढा जी," आणि सुनंदा माझ्याकडे बघायची नाही, कारण ती तुमचीच बहीण, तिलाही हसू येत असे.

त्या पानापासून आपण वही सुरू केली. एक्केचाळीस झाडं, प्रत्येकाला क्रमांक. दर रविवारी मी सडक अर्जुनीहून देवरीची बस धरायचो, फाट्यावर उतरायचो, तुम्ही सायकल घेऊन उभे असायचा. प्रत्येक झाडाची वीस पानं बघायची. कोणत्या पानात रेघ, कोणत्यात फोड, वरच्या बाजूला की खालच्या, आत जीव आहे की नाही. काही नसेल तर निरंक. अळीसकट पानं आणून लोणच्याच्या बरणीत ओल्या कापसावर ठेवायची. सुनंदा म्हणायची, "लोकं आंबे घालते बरणीत, हे दोघं पाखरं घालून राहिले." पहिलं पाखरू, म्हणजे बारीक पतंग, निघालं तेव्हा मी पट्टीवर मोजलं, साडेतीन मिलिमीटर. जिऱ्याएवढं. भिंग लावल्यावर दिसलं की अंग चांदीसारखं आहे, त्यावर तपकिरी पट्टे, आणि बसतं ते पुढचे पाय ताठ करून, मान वर काढून. तुम्ही भिंगातून बघून म्हणाला, "रुबाब पाहा याचा. सरपंच झाला जसा."

नावं तुम्हीच दिली होती. रेघ काढणारी ती रेघाडी, फोड करणारी ती फोडकी. मी वहीत दोन रकाने आखले आणि दोन जाती म्हणून मोजत गेलो. पहिल्या वर्षाच्या शेवटी तुम्ही म्हणाला, "जवाई, हे दोन नाहीत. एकच आहे. लहानपणी रेघ काढते, मोठी झाली का फोड करते."

मी म्हटलं, "भाऊ, नावं तुम्हीच दोन दिलीत."

"पोराले लहानपणी बाळ्या म्हणते न मोठेपणी बाळासाहेब. तं दोन माणसं झाले का जी?"

दाखला चपखल होता. पण दाखला हा पुरावा नव्हे. मी तेच म्हणालो. तुम्ही म्हणाला, मी पाहिलं आहे. मी म्हणालो, तुम्ही रेघ पाहिली आणि फोड पाहिली; एकाच पानात आधी रेघ आणि मग फोड अशी किती पानं पाहिली, ते सांगा. आकडा सांगा. तुम्ही म्हणाला, "आकडा नाही. पण पाहून राहिलो न इतके वर्षं." आणि मी जे वाक्य बोललो ते मला आता शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "तुम्ही पाहिलं ते नोंदीत बसत नाही."

तुम्ही रागावला नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मंग तुमच्या कागदात इतकंच लिवा, का सुखदेव असं म्हणते. खरं आहे म्हणून नका लिवू. म्हणते, इतकंच."

मी म्हटलं, या कागदात तसा रकाना नाही.

गेल्या वर्षी आपली यादी मी पुण्याच्या एका अभ्यासक बाईंना पाठवली. अशा पानात राहणाऱ्या पाखरांवरच त्यांचं काम आहे. यादीत दोन जाती लिहिल्या, एक्केचाळीस झाडं लिहिली, माझं नाव लिहिलं, 'साहाय्य' म्हणून तुमचं लिहिलं. तुमचं म्हणणं लिहिलं नाही. त्यांचं उत्तर आलं तेव्हा मी ते घेऊन तुमच्याकडे आलो आणि अंगणात वाचून दाखवलं. नोंदी नेटक्या आहेत, निरंक लिहिण्याची पद्धत फार उपयोगाची आहे, नुसत्या छायाचित्रावरून नाव सांगता येणार नाही, पाखरं जपून ठेवा. तुम्ही खूश झाला. वहिनींना बोलावून म्हणाला, "ऐकून घे. पुण्याची बाई म्हणते जवाई नेटका आहे."

त्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, भाऊ. ते मी वाचलं नाही. बाईंनी लिहिलं होतं की या कुळातल्या काही अळ्या आधी रेघ काढतात आणि कात टाकल्यावर फोड करतात, तेव्हा तुमच्या दोन जाती म्हणजे एकच असू शकेल. काही पानांना खूण करून तीच पानं पुन्हा पुन्हा बघा.

मी ते वाक्य गाळलं. तुम्ही वर्षभर मला चिडवाल याची भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं हे की पुढच्या हंगामात मी स्वतः पानांना खुणा करीन, आकडा काढीन आणि मग माझ्या तोंडाने सांगीन असं मी ठरवलं होतं. म्हणजे ते म्हणणं तुमचं न राहता माझं झालं असतं. तसं मी मनात शब्दांत मांडलं नव्हतं. पण वही लिहिणाऱ्याला कोरा रकाना दिसतो, तसा मला तो आता दिसतो. हंगाम आला, आणि कामांत माझ्याकडून खुणा राहून गेल्या.

तुमच्याकडून राहिल्या नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पत्रातलं वाक्य तुमच्यापासून लपवलेलं होतं. तरी पुण्याच्या बाईंनी जे करायला सांगितलं तेच तुम्ही आपल्या डोक्याने केलंत. अक्षरं तुम्हाला नीट दिसत नव्हती, म्हणून कोसा केंद्रात केलेली पद्धत काढलीत. एकदा तुम्ही मला सांगितलं होतं, झाडावर किती अळ्या ते मोजताना कागद भिजतो, म्हणून खिशात दोरी ठेवायची आणि गाठी मारत जायच्या. मी तेव्हा हसलो होतो. म्हटलं होतं, तपासणीला साहेब आले तर दोरी दाखवणार का? तुम्ही म्हणाला, "साहेबाले वाचता येत नसन तं माहा काय दोष?"

आणि शेवटचा फोन. तुम्ही म्हणाला, "जवाई, या रविवारी येन पाहाले या. दाखवतो काही."

मी म्हटलं, "भाऊ, धानाची कापणी सुरू आहे. पुढच्या रविवारी येतो."

"बरं. पान काही पळून नाही जाऊन राहिलं."

तो रविवार गेला आणि मंगळवारी सकाळी सुनंदाला फोन आला. मी मनात हे पुष्कळदा उलटसुलट केलं आहे. गेलो असतो तर छाती दुखायची थांबली नसती. एवढंच झालं असतं की तुम्ही पान उन्हात धरून माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. ते मी तुम्हाला द्यायला हवं होतं.

शीलाला मी त्याच दिवशी झाडांखाली नेलं. एक गाठ दाखवली, रेघ दाखवली. दोन गाठी दाखवल्या, फोड दाखवला. ती एकेक गाठ बोटाने चाचपत गेली. मग म्हणाली, "म्हंजे हा नवस नाही."

"नाही. ही वही आहे."

"तरी मी म्हटलं, आमचा बाप कोणाच्या पाया पडून राहिला." आणि पदर तोंडाला लावून हसली, आणि मग ते हसणं हसणं राहिलं नाही. मी पानांकडे बघत उभा राहिलो.

पण तेवढ्यावर मी निकाल मानला नाही, भाऊ. मला ओळखता तुम्ही. चौदा पानांचा पुरावा तुमच्या गाठींवर उभा होता, मी ती पानं आधी पाहिली नव्हती. नऊ पानं मात्र माझ्यासमोर होती, फक्त रेघ असलेली, एका गाठीची. मी धागे मोजले तेच क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून त्यांना अडकवले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आलो. फाट्यावर सायकल घेऊन शीला उभी होती. नऊपैकी सहा पानांत रेघेच्या टोकाला फोड आला होता. मी स्वतः पाहिला, भिंग लावून. रेघ सरळ फोडात शिरत होती, मध्ये कुठेही तुटलेली नव्हती. दोन पानांत अळी रेघेतच वाळून मेली होती. एका पानात रेघ अजून रेघच होती.

तेव्हा हिशेब असा: सव्वीस धाग्यांपैकी तीन पानं गळाली, ती धरत नाही. उरलेल्या तेवीसपैकी वीस पानांत रेघाडीची फोडकी झाली. चौदा तुमच्या साक्षीने, सहा माझ्या डोळ्यांनी. तुमच्या चौदांवर आता मला शंका नाही, कारण माझ्या सहांनी तुमच्या गाठी वाचायला शिकवल्या.

आपल्या वहीतल्या तीन वर्षांच्या नोंदी मी दुरुस्त केल्या. पाणीपातळीच्या वहीचा नियम आहे: खोडायचं नाही, चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. दोन रकान्यांचा एक केला. प्रत्येक पानावर माझी चूक वाचता येते, तशीच ती राहील. सुनंदा चहा ठेवून गेली तेव्हा म्हणाली, "इतक्या सह्या तं आपल्या लग्नातही नाही झाल्या." मग ती शेजारी बसली आणि पानं उलटून द्यायला लागली. काम संपल्यावर ती म्हणाली, "दादाले सांगतलं असतं तं पहिले पोटभर हसला असता. मंग म्हटला असता, राहू द्या जी." मला वाटतं, ती बरोबर सांगते.

बाईंना पत्र गेलं आहे. त्यात मी लिहिलं: "मागील यादीत मी दोन जाती लिहिल्या, ती माझी चूक होती. त्या एकच आहेत असं सुखदेवभाऊ पहिल्या वर्षापासून सांगत होते. मी ते नोंदवलं नाही. आपण पत्रात सुचवलेली पद्धतही मी त्यांना वाचून दाखवली नव्हती. त्यांनी ती स्वतः शोधली, सव्वीस पानांना धागे बांधले आणि गाठींनी नोंद ठेवली. पुरावा त्यांचा आहे. ते आता हयात नाहीत. यादीत साहाय्य या शब्दाखाली असलेलं त्यांचं नाव कृपया वर घ्यावं आणि माझं त्याखाली." पत्र टाकण्याआधी मी ते तीनदा वाचलं. यावेळी एकही वाक्य गाळलं नाही.

त्या पाखराला नाव अजून नाही. बाई म्हणतात, नर पाखराचं अंग उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागेल. बरणीत तीन आहेत, जपून ठेवली आहेत. नाव मिळालं तर मिळेल. आपल्याला ते काय करतं हे ठाऊक आहे, आणि ते कोणी पाहिलं हेही आता लिहिलेलं आहे.

राहिलं ते एक पान. झाड तेवीस, पान चौदावं. ज्यात रेघ अजून रेघच आहे. ती कदाचित खरोखरची वेगळी जात असेल, तर तेवढ्यापुरता मी बरोबर ठरेन. किंवा अळी नुसती मागे पडली असेल. ते एक पान मी माझ्या बाजूने मोजलेलं नाही, तुमच्याही नाही. भांडायला तेवढं उरलं आहे, हे बरंच आहे.

आज तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. रविवार आहे. सकाळी शीलाबरोबर ते पान बघितलं. तिने तुमच्यासारखंच अंगठा पाठीवर ठेवून उन्हात धरलं आणि म्हणाली, "हलून राहिली जी मामाजी. जित्ती आहे." नागमोडी रेघ पट्टीने मोजता येत नाही, म्हणून तुमच्या पोत्यातला कोशाचा धागा घेतला, रेघेवर वळणावळणाने ठेवला आणि मग पट्टीवर सरळ केला. गेल्या रविवारी चौऱ्याण्णव मिलिमीटर होती. आज एकशे दोन.

शीलाने विचारलं, "फोड आला का दुसरी गाठ कोणं बांधायची?"

मी म्हटलं, "जो पाहील त्याने."

वहीत मी एक नवीन रकाना आखला आहे. 'कोणी पाहिलं.' तीन वर्षं तो असायला हवा होता. आजची नोंद अशी: झाड तेवीस, पान चौदावं. रेघ एकशे दोन मिलिमीटर, आत जीव आहे. फोड निरंक. पाहिलं: सुखदेव, शीला. मोजलं: जवाई.